नवशिक्यांसाठी इंजिन ऑइल : पाठ पहिला आणि बहुधा शेवटचा

गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये, विम्याच्या आणि पीयूसीच्या कागदांखाली, एक जाडजूड पुस्तक असतं. त्याचं प्लास्टिकचं वेष्टण अजून फाडलेलं नसेल तर नवशिक्याने ते तसंच राहू द्यावं. इंजिनात कुठलं ऑइल घालायचं, किती घालायचं आणि कधी बदलायचं हे त्यात स्वच्छ छापलेलं असतं. ते वाचलं की पाच मिनिटांत प्रश्न मिटतो आणि मग बोलायला काही उरत नाही. या क्षेत्रात नव्याने पाऊल टाकणाऱ्याने पहिल्याच दिवशी स्वतःचं एवढं नुकसान करून घेऊ नये.

पुस्तकाऐवजी माणसं गाठावीत. सुरुवात सोसायटीपासून करावी. उमेदीच्या काळात पद्मिनी चालवलेले एक तरी काका प्रत्येक सोसायटीत असतातच. त्यांना नुसतं विचारायचं, "काका, ऑइल कुठलं घालू?"

"ट्वेंटी-फिफ्टी घाल. डोळे झाकून. अरे, सहा माणसं आणि लग्नाचं सामान घेऊन मी खंबाटकी चढलोय त्या ऑइलवर."

पद्मिनी कुर्ल्यात बनत होती तेव्हा काकांचं म्हणणं बरोबरच होतं. त्या इंजिनांतल्या फटी मोठ्या. रिंगा झिजल्या की ऑइल जळणार, मागून निळा धूर निघणार. तिथे दाट ऑइलच टिकायचं. हल्लीच्या इंजिनांत शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली जागा केसाच्या जाडीहून कमी असते, आणि बऱ्याच गाड्यांत व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणासुद्धा ऑइलच्याच दाबावर हलते. त्या बारीक वाटांतून सकाळी सकाळी दाट ऑइल ढकलायचं म्हणजे पंपाचा जीव जातो. पण हे काकांना सांगू नये. ते सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि मग खंबाटकी पुन्हा पायथ्यापासून चढायला लागतात.

दुसरा मुक्काम भाच्याकडे. नुकतीच टर्बो गाडी घेतलेला भाचा नसेल तर पुतण्या चालेल. "मामा, झीरो-डब्ल्यू-ट्वेंटी, फुल्ली सिंथेटिक. बाकी सगळं विसरा." त्याच्या गाडीसाठी हे अगदी योग्य आहे. तुमची गाडी त्याच्या गाडीहून बारा वर्षांनी मोठी आहे, ही गोष्ट त्याच्या लेखी किरकोळ.

शेवटी दुकान. पुण्यात असाल तर नाना पेठेत जावं. काउंटरवरचा माणूस एकच प्रश्न विचारतो : "गाडी कुठली?" हा प्रश्न काकांनीही विचारलेला नसतो आणि भाच्यानेही. त्यामुळे तुमचा त्याच्यावर लगेच विश्वास बसतो. उत्तर ऐकून तो जो डबा काढतो, तो बहुतेक वेळा त्याच्या हाताशी असलेला असतो, हा भाग वेगळा.

डब्यावरचे आकडे, आणि ते कुठे फेकावेत

डब्यावर '५डब्ल्यू-३०' असं काहीतरी लिहिलेलं असतं. यातला 'डब्ल्यू' वजनाचा नाही, वॅटचा नाही, हिवाळ्याचा आहे. त्याच्या अलीकडचा आकडा गारठ्यातली वागणूक सांगतो, पलीकडचा तापल्यावरची. अमेरिकेतल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, ही प्रतवारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच आखली आणि तेव्हापासून ती सुधारत आणली आहे. '०डब्ल्यू'ची इंजिन फिरवण्याची परीक्षा उणे ३५ अंशांना होते, '५डब्ल्यू'ची उणे ३०ला, '२०डब्ल्यू'ची उणे १५ला. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला तरी आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते, तेव्हा उणे ३५ हा आकडा पाहून 'हे आपल्यासाठी नाही' असा निष्कर्ष काढणं फार सोपं आहे. अगदी सोपं असल्यामुळे सगळे तोच काढतात.

तो चुकीचा का, ते सांगतो. इंजिनाच्या दृष्टीने तुमची डिसेंबरातली पुण्याची सकाळसुद्धा थंडच आहे, आणि मे महिन्यातली चंद्रपूरचीही. काम करताना ऑइल शंभर अंशांच्या आसपास असतं. त्यापुढे पंचवीस काय आणि चाळीस काय, दोन्ही गारच. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल खाली चेंबरमध्ये उतरून बसलेलं असतं. चावी फिरवल्यावर ते वर कॅमशाफ्टपर्यंत पोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ लोखंडाची लोखंडाशी गाठ असते. इंजिनाची झीज होते त्यातली बरीचशी या वेळात होते. पातळ ऑइल लवकर वर पोचतं. उणे ३५चा संबंध एवढाच की तिथे जे सुरळीत वाहतं, ते पंचवीसला तर वाहीलच.

पलीकडचा आकडा शंभर अंशांना मोजतात. '३०' म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, '४०' म्हणजे १२.५ ते १६.३. हे आकडे पाठ करून चहाच्या टपरीवर टाकावेत. 'सेंटिस्टोक' हा शब्द पडला की पुढची दहा मिनिटं तुम्हाला कोणी अडवत नाही. मात्र एवढ्यात कोणीतरी विदर्भातला निघतो. "तुमच्या पुण्यात चालत असेल थर्टी. आमच्या नागपूरच्या उन्हात ऑइलचं पाणी होते." त्याच्याशी वाद घालताना थर्मोस्टॅट नावाच्या वस्तूचा उल्लेख करावा. कूलंट किती तापू द्यायचं हे ती ठरवते. बाहेर दहा अंश असोत की पंचेचाळीस, इंजिन साधारण नव्वदच्या आसपास राहावं अशीच सगळी मांडणी असते, आणि ऑइलही त्याच्याच पाठोपाठ असतं. रेडिएटर चोंदला असेल किंवा पंखा बंद पडला असेल, तर गोष्ट निराळी. पण तेव्हा ऑइलची ग्रेड बदलून भागत नाही. उन्हाचा विचार गाडी बनवणाऱ्यानेही केलेला असतो. काही पुस्तकांत बाहेरच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन ग्रेड चालतील असा तक्ताही दिलेला असतो. तो बघायला पुस्तक उघडावं लागेल, म्हणून सोडून देऊ.

आकड्यांच्या शेजारी अक्षरं असतात. एपीआय, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, पेट्रोल गाड्यांसाठी 'एस'ने सुरू होणारी जोडी देते : २०१०मध्ये एसएन आलं, २०२०च्या मे महिन्यात एसपी. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं ऑइल नवं, आणि नवं जुन्याच्या जागी चालतं, उलटं नाही. टर्बो पेट्रोल गाडीला एसपी मागतात त्याला कारण आहे. कमी वेगात जास्त जोर काढला की या इंजिनांत ठिणगी पडायच्या आधीच कधीकधी इंधन पेट घेतं, आणि ऑइलमधली काही रसायनं त्याला हातभार लावतात. एसपीमध्ये त्यांचं प्रमाण सांभाळलेलं असतं. भाचा इथे बरोबर होता. त्याला हे कळवायची घाई करू नये.

डिझेलवाल्यांनी मात्र या परिच्छेदापुरती थट्टा बाजूला ठेवावी. १ एप्रिल २०२०पासून विकल्या गेलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. अडवलेली काजळी तो मधूनमधून जाळून टाकतो. पण ऑइल जळून जी राख होते ती जळत नाही. ती तिथेच साठत जाते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. युरोपीय एसीईए संस्थेच्या खुणेत ते सी२, सी३ असं लिहितात. गावाकडच्या दुकानातून ट्रॅक्टरसाठी आणलेल्या वीस लिटरच्या बादलीतलं चार लिटर काढून एसयूव्हीत घालणारे महाभाग आहेत. बादलीवर 'डिझेल इंजिन ऑइल' असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे त्यांचं मन साफ असतं. डीपीएफ बदलायची किंमत ऐकून ते ट्रॅक्टर विकायला काढतात.

मिनरल की सिंथेटिक, हा वाद लग्नाच्या पंगतीसाठी राखून ठेवावा. सिंथेटिक जास्त वेळ टिकतं, उष्णतेत कमी बिघडतं, थंडीत कमी दाटतं. पुस्तकात सांगितलेलं ०डब्ल्यू-२० घ्यायला गेलात तर ते सिंथेटिकच मिळेल, त्यामुळे निवड करायचं काम तिथेच संपतं. वादात भर घालायची असेल तर एवढं सांगावं : १९९९मध्ये अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलच्या जाहिरातीवर आक्षेप घेतला होता, की जमिनीतूनच निघालेल्या पण भरपूर शुद्ध केलेल्या तेलाला हे सिंथेटिक कसं म्हणतात? जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या मंडळाने निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. तेव्हापासून डब्यावरचा 'फुल्ली' हा शब्द बराचसा श्रद्धेचा विषय आहे. पंगतीत कोणी 'निसर्गातलं तेच चांगलं' असं म्हणालंच, तर पहिल्या महायुद्धातल्या विमानांची आठवण करून द्यावी. त्यांच्या रोटरी इंजिनांत एरंडेल घालत. त्याचे तुषार वैमानिकाच्या तोंडावर उडत. विमान उतरल्यावर तो आधी कुठे पळत असेल, ते मठ्ठ्याचा पेला हातात असलेल्या पाहुण्यांना सविस्तर सांगायची गरज नाही.

किती किलोमीटर, किती महिने

बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात 'दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, जे आधी होईल ते' असं असतं. मराठी माणूस या वाक्याचा पूर्वार्ध वाचतो. उत्तरार्ध जाहिरातीतल्या बारीक अक्षरांसारखा वगळायचा असतो अशी त्याची समजूत आहे. म्हणून मग "माझी गाडी वर्षाला दोन हजारही चालत नाही हो, ऑइल अजून कोरं आहे," असं अभिमानाने सांगणारे पाच वर्षं जुन्या ऑइलवर फिरत असतात.

अशा गाडीची दिनचर्या बघण्यासारखी असते. आठवडाभर ती कापडी कव्हराखाली झाकलेली. रविवारी सकाळी मालक खाली उतरतात, कव्हराची नीट घडी घालतात, बॅटरी उतरू नये म्हणून गाडी पाच मिनिटं जागेवरच चालू ठेवतात, बोनेटवर कान लावून 'काय सुंदर आवाज आहे' म्हणतात आणि पुन्हा कव्हर घालतात. बॅटरीचं जाऊ द्या. ऑइलसाठी याहून वाईट काही शोधून काढणं अवघड आहे. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते. त्यातली थोडी, आणि थंड इंजिनात अर्धवट जळालेलं थोडं पेट्रोल, रिंगांच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं. गाडी अर्धा तास व्यवस्थित चालली की ऑइल तापतं आणि हे दोन्ही उडून जातं. पाच मिनिटांत काहीच उडत नाही. दर रविवारी थोडं पाणी, थोडं पेट्रोल, असा रतीब लागतो. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला साय धरल्यासारखा पिवळट-पांढरा लेप दिसला की समजावं, रतीब नियमित आहे. (गाडी रोज लांब चालत असेल आणि तरीही असा लेप येत असेल, कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटमधून कूलंट ऑइलमध्ये जात असण्याची शंका घ्यावी आणि हा पाठ इथेच थांबवून गॅरेज गाठावं.)

याच पुस्तकाच्या मागच्या बाजूला 'कठीण परिस्थिती' असा एक तक्ता असतो. तशी परिस्थिती असेल तर ऑइल लवकर बदला, बऱ्याचदा निम्म्या अंतरात, असं तिथे म्हटलेलं असतं. हा तक्ता लडाखला जाणाऱ्यांसाठी आहे असं समजून आपण पान उलटतो. त्यात लिहिलेलं असतं : वारंवार छोट्या फेऱ्या, रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये चालवणं, धुळीचे रस्ते, इंजिन बराच वेळ जागेवर चालू ठेवणं, घाटात भरलेली गाडी. म्हणजे लडाख सोडून सगळं वर्णन हिंजवडीचं आहे. सकाळी वाकडच्या पुलाखाली आठ किलोमीटरला पन्नास मिनिटं घेणाऱ्या गाडीचा काटा आठच किलोमीटर दाखवतो, इंजिन मात्र पन्नास मिनिटं चाललेलं असतं. उलट द्रुतगती मार्गावर रोज मुंबईला जाऊन येणाऱ्या टॅक्सीचे दहा हजार महिना-दोन महिन्यांत होतात. तिचं ऑइल सतत तापलेलं, कोरडं आणि सुखात असतं. किलोमीटर सारखेच, पण ऑइलचे भोग सारखे नाहीत. तेव्हा शहरातल्या माणसाने पाच-सहा हजारांवर किंवा सहा-आठ महिन्यांत ऑइल बदललं तर त्याला कोणी वेडा म्हणणार नाही. निदान वर्षाची मर्यादा तरी पाळावी, गाडी शेडमधून हलली नसली तरीही.

ज्याला पुस्तकही नको आणि कॅलेंडरही नको, तो रंगावर जातो. डिपस्टिक काढायची, दोन बोटांत ऑइल चोळायचं, उजेडात धरायचं आणि भुवया उंचावून म्हणायचं, "काळं पडलंय." गॅरेजवाला म्हणाला तर आपण घाबरतो, आपण म्हटलं तर घरचे घाबरतात. डिझेल गाडीत कोरं ऑइल घातल्यावर दोन-चारशे किलोमीटरमध्येच काळंकुट्ट होतं, कारण काजळी आपल्यात धरून ठेवणं, ती इंजिनात बसू न देणं, हे त्याचं कामच आहे. सीएनजीवर याच्या उलट. गॅस स्वच्छ जळतो, ऑइल महिनोन्‌महिने सोनेरी दिसतं, आणि आत उष्णतेने त्याचा जीव गेलेला असतो. थोडक्यात, रंगावरून ऑइल ओळखणारा डिझेलमध्ये फुकट पैसे घालवतो आणि सीएनजीमध्ये इंजिन.

डिपस्टिक रंगासाठी नाही, पातळीसाठी असते. सपाट जागा, इंजिन बंद करून पाच मिनिटं झालेली, पट्टी एकदा पुसून परत घालून मग वाचायची. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत साधारण लिटरभराचा फरक असतो. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. महिन्यातून एकदा हे करणारा माणूस सोसायटीत जरा विक्षिप्त समजला जातो, पण ज्यांच्या इंजिनाचं काम निघतं त्यांच्यात तो सहसा नसतो.

प्रत्यक्ष कृती

गाडी वॉरंटीत असेल तर कृती वाचून सोडून द्यावी आणि पावत्या जपाव्यात. नसेल तर पुढे.

सेक्रेटरींची परवानगी आधी घ्यावी. 'पार्किंगमध्ये गाड्यांची दुरुस्ती करू नये' हा ठराव तुमच्यासारख्याच कोणासाठी तरी झालेला असतो. मग ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन नटाचा नवा वॉशर, रिंग पाना, फिल्टर पाना, परात आणि जुनी वर्तमानपत्रं जमवावीत. परात घरातली घेऊ नये. घ्यायचीच असेल तर ती परत स्वयंपाकघरात जाणार नाही याची मानसिक तयारी ठेवावी. तुमची नव्हे, घरच्यांची. रिंग पाने संचात आठ-दहा मापांचे येतात. तुमच्या नटाचं माप सोडून बाकी सगळी असतात.

गाडीबरोबर आलेला जॅक चाक बदलण्यासाठी असतो. नुसत्या त्याच्या भरवशावर गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही, जाऊ नये. हे या पाठातलं विनोद नसलेलं दुसरं वाक्य. जॅक स्टँड लावावेत किंवा रॅम्प वापरावा, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना दगड लावावेत. ते जमत नसेल तर गॅरेजचा खड्डा गाठावा. तिथला फोरमन तुमचंच ऑइल तुमच्यासमोर घालून देतो आणि त्याचे मजुरीचे पैसे जॅक स्टँडपेक्षा स्वस्त पडतात.

गाडी पाच मिनिटं चालवून ऑइल कोमट करून घ्यावं; उकळतं नको. ड्रेन नट उलट्या दिशेने फिरतो हे सर्वांना माहीत असतं, पण उताणं पडून वर बघताना उलटी दिशा कुठली यावर माणूस स्वतःशीच वाद घालतो आणि हमखास नट आवळतो. नटाच्या डोक्याकडे तोंड करून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. शेवटचे आटे हाताने सोडवावेत, आणि नट आत दाबून धरत फिरवावा; मग एका झटक्यात बाजूला घ्यावा. घेतला नाही तर तो परातीत पडतो आणि काळ्या गरम ऑइलमध्ये चाचपून शोधावा लागतो. धारेचं वागणंही ध्यानात घ्यावं. सुरुवातीला जोर असतो तेव्हा ती लांब, तिरकी पडते; जोर ओसरत गेला की जवळ सरकते आणि शेवटी सरळ खाली थेंब पडतात. परात ज्या जागी अचूक ठेवली होती ती जागा म्हणूनच दोन मिनिटांनी चुकीची ठरते. परात हळूहळू मागे सरकवावी. वर्तमानपत्रं अंथरली होती ती यासाठीच.

फिल्टर काढताना ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येतं. याला उपाय नाही. फिल्टर हातात आला की त्याच्या तोंडावरची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली आहे का, हे डोळ्यांनी बघावं. पुष्कळदा ती इंजिनालाच चिकटून राहते. तिच्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रिंगा एकावर एक येतात, गाडी चालू केल्यावर काही सेकंद सगळं ठीक दिसतं, आणि मग दाब वाढला की नवं कोरं ऑइल जमिनीवर येतं. नव्या रिंगला बोटाने थोडं ऑइल लावावं, फिल्टर हाताने फिरवावा, रिंग टेकली की त्यापुढे पाऊण फेरा. फिल्टर पाना फक्त काढण्यासाठी. ड्रेन नटाच्या बाबतीतही 'अजून थोडा' हा मोह टाळावा. चेंबर अॅल्युमिनियमचा असेल तर 'अजून थोडा'च्या पुढच्या पावलाला आटे जातात, आणि मग जे बिल येतं त्यात सर्व्हिस सेंटरची पाच वर्षांची बिलं बसली असती.

ऑइल पुस्तकातल्या मापाहून थोडं कमी घालून सुरुवात करावी. इथे पुस्तकाला पर्याय नाही, तेव्हा प्लास्टिक फाडावंच लागेल. बाकीची पानं काकांना दाखवू नयेत. इंजिन चालू करावं. डॅशबोर्डवरचा लाल झारीचा दिवा दोन-तीन सेकंदांत विझायला हवा. हा दिवा पातळीचा नाही, दाबाचा आहे. नेहमीच्या प्रवासात तो कधी लागला तर 'पुढच्या पंपापर्यंत जाऊ' असं म्हणू नये, गाडी कडेला घेऊन तिथेच बंद करावी. दिवा विझला की इंजिन बंद, पाच मिनिटं थांबणं, पट्टी, आणि लागेल तेवढं वरून. वरच्या खुणेच्या पुढे भरू नये. जास्त ऑइल झालं तर क्रँकशाफ्ट ते घुसळून त्याचा फेस करतो, आणि फेसाने बेअरिंगचं वंगण होत नाही.

डबा बहुधा साडेतीन किंवा चार लिटरचा असतो आणि गाडीला तीन-सव्वातीन लागतं, म्हणून थोडं ऑइल उरतं. ते वरून भरायला ठेवावं. घरातल्या मोटरसायकलकडे बघू नये. तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि गाड्यांच्या ऑइलमधली घर्षण कमी करणारी द्रव्यं त्याला घसरवतात. तिला 'जासो एमए' लिहिलेलंच लागतं. दोन कंपन्यांची ऑइलं एकत्र आली की त्यांचं दही होतं, असं मात्र काही नाही. मानांकन असलेली ऑइलं एकमेकांत मिसळली जावीत अशीच अट असते; प्रवासात वरून घालायला हाताशी लागेल ते, त्याच ग्रेडचं, चालतं.

रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी त्याला खिळ्याने भोकं पाडावीत. झाकणासकट धडधाकट डब्याला भंगारवाला प्लास्टिकच्या भावापेक्षा जास्त का देतो, याचा विचार केलात तर पुढचा डबा घेताना सील दोनदा तपासाल.

परातीतलं काळं ऑइल ही या कामातली सर्वांत टिकाऊ वस्तू. त्यासाठी इच्छुक भरपूर भेटतात : वॉचमनला गेटच्या बिजागऱ्यांना हवं असतं, गावाकडच्या भावाला गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून, आणि कोणीतरी होळी पेटवायला मागतो. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेल्या ऑइलचं नाव आहे. त्यात इंजिनातली धातूंची झीज आणि जळालेली रसायनं असतात. गटारात, झाडाच्या आळ्यात किंवा होळीत ते घालायचं नाही. जुन्या डब्यात भरून ज्या गॅरेजमध्ये पिंप असतं तिथे नेऊन ओतावं. पिंप भरलं की ते पुनर्प्रक्रियावाल्याकडे जातं. गॅरेजवाला तुमच्या काळ्या कोपराकडे बघून 'घरी केलंत का?' विचारेल. हो म्हणावं आणि फार खुलासा करू नये.

जमिनीवरच्या डागावर लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवावा. सेक्रेटरी सकाळी फिरायला निघण्यापूर्वी झाडून घ्यावा.

मग बोनेट उघडं असतानाच, एअर फिल्टरच्या डब्याला पांढरी पट्टी चिकटवून तीवर तारीख, काट्यावरचा आकडा आणि ऑइलची ग्रेड लिहावी, आणि खाली पुढच्या वेळचे किलोमीटर व महिना, दोन्ही. पेनाला हात लावायच्या आधी साबणाने धुवावेत, नाहीतर पट्टी चिकटत नाही.